शेवटची हातभर तार

मंडळी, मागच्या रविवारी सकाळी साडेआठच्या सुमारास माझं विमान पडलं.

(घाबरू नका, मॉडेल विमान. पगारावर मोठं विमान घेण्याइतकं आयटीत अजून कोणी देत नाही.) चार फुटी पंख, सव्वा किलो वजन, आणि साडेतीन महिन्यांचे सगळे शनिवार-रविवार. किट नाही, नकाशा नाही. कागदावर स्वतः रेघा मारून, बाल्सा कापून, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गोंद वाळायची वाट बघत केलेलं. पुण्याबाहेरच्या आमच्या नेहमीच्या मैदानावर त्याचं हे सहावं उड्डाण. पाच उड्डाणं मी घाबरत घाबरत केली होती. सहाव्याला माणसाला जरा जास्तच आत्मविश्वास येतो. विमान उंच नेलं आणि प्रेक्षकांसाठी म्हणून नाक खाली करून झेपावत आणलं. वेग वाढला. मी स्टिक पोटाकडे ओढली. नाक वर येईना. आणखी ओढली, अगदी शेवटपर्यंत. विमान मख्खपणे खालीच येत राहिलं आणि ढेकळात घुसलं.

ते जिथे घुसलं तिथून साधारण पंधरा पावलांवर माझ्या मित्राची सात वर्षांची मुलगी उभी होती.

तिला काही झालं नाही. ती टाळ्या वाजवत होती, तिला वाटलं हाही खेळाचाच भाग. मी मात्र पहिलं वाक्य काय बोललो माहितीये? "सिग्नल गेला रे!" सगळ्यांनी माना डोलावल्या. सिग्नल गेला म्हटलं की विषय संपतो, ना कोणाची चूक ना कोणाला दोष. फक्त मैदानावरचे एक काका गप्प होते. ते सत्तरच्या दशकात एन.सी.सी.च्या एअर विंगमध्ये होते, तेव्हापासून विमानं उडवतायत. त्यांनी सगळे अवशेष गोळा करायला मदत केली आणि जाताना एवढंच म्हणाले, "घरी जाऊन एलेव्हेटरला अंगठा लावून बघ."

घरी गेलो. शेपटी आणि मधला सांगाडा बऱ्यापैकी शाबूत होता. बॅटरी लावली. रिसीव्हर ठीक, सर्व्हो ठीक. स्टिक हलवली की एलेव्हेटर छान वर-खाली. म्हटलं, बघा, सिग्नलच! मग आठवण झाली म्हणून एलेव्हेटरवर अंगठा टेकवला आणि स्टिक पुन्हा ओढली.

सर्व्होचा हात पूर्ण फिरला. एलेव्हेटर जागचा हलला नाही. आणि मध्ये, सांगाड्याच्या पोटात, माझा पुशरॉड धनुष्यासारखा वाकला.

सिग्नल कुठेही गेला नव्हता. तो वेळेवर, बिनचूक पोचला होता. त्याच्या पुढची हातभर तार मी वाईट बसवली होती.

*

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विमानाच्या शेपटीला बिजागरीवर हलणारी एक फळी असते, तिला एलेव्हेटर म्हणतात. ती वर झाली की नाक वर. या फळीला एक छोटा दांडा उभा बसवतात, तो हॉर्न. पुढे पोटात सर्व्हो, म्हणजे छोटी मोटर आणि गिअर असलेली डबी, तिच्यावर एक फिरणारा हात. हा हात आणि तो हॉर्न यांना जोडणारी काडी म्हणजे पुशरॉड. काडी ढकलली किंवा ओढली की फळी हलते. बास. संपूर्ण विमानात याच्याइतकी साधी गोष्ट दुसरी नाही, आणि म्हणूनच तिच्याकडे कोणी बघत नाही. मी पंखाचा आकार ठरवायला तीन आठवडे घेतले होते, पुशरॉडला वीस मिनिटं.

त्या रात्रीपासून आठवडाभर मी फक्त या काडीचा इतिहास वाचतोय. उड्डाणाचा इतिहास आपण नेहमी पंखांचा आणि इंजिनाचा म्हणून सांगतो. पण या काडीच्या बाजूने बघितला तर तो अगदी वेगळा दिसतो.

सुरुवातीला काडी नव्हतीच. १८७१ मध्ये पॅरिसमध्ये आल्फोन्स पेनॉ याने पिळलेल्या रबरावर चालणारं एक छोटं विमान उडवून दाखवलं. ते अकरा सेकंद हवेत राहिलं. त्यात हलवण्यासारखं काही नव्हतं. शेपटीचा कोन असा काही बसवला होता की विमान आपलं आपण सावरायचं. म्हणजे सगळी आज्ञा आधीच लिहून ठेवलेली, उडाल्यावर काही बदलता येणार नाही. (आमच्या भाषेत हार्डकोडेड.)

राइट बंधूंनी बदलली ती नेमकी हीच गोष्ट. १८९९ मध्ये त्यांनी पाच फुटांचा एक दुमजली पतंग केला. त्याला चार दोऱ्या, त्या दोन काठ्यांना बांधलेल्या. दोन्ही हातांतल्या काठ्या कलवल्या की पतंगाचे पंख पिळले जायचे आणि पतंग डावी-उजवीकडे झुकायचा. इंजिनाला अजून चार वर्षं होती, पण ताबा आधी आला. १७ डिसेंबर १९०३ च्या विमानात वैमानिक पालथा झोपायचा आणि कंबर एका पाळण्यासारख्या चौकटीत असायची. कंबर सरकवली की तारा ओढल्या जायच्या, पंख पिळायचे आणि मागचा रडरही सोबत वळायचा.

इथे एक बारीक गोष्ट आहे. दोरी आणि तार फक्त ओढू शकतात, ढकलू शकत नाहीत. म्हणून एका बाजूला वळायला एक आणि दुसऱ्या बाजूला वळायला दुसरी, अशी जोडी लागते. त्याचा फायदा असा की ओढलेली तार वाकत नाही. आणि दुसरा फायदा त्याहून मोठा: तारेचं दुसरं टोक माणसाच्या अंगाशी असतं. पलीकडे काही अडकलं, सैल झालं, तर हाताला कळतं.

*

तारांचे धोकेही लवकरच कळले. १९१६ मध्ये ब्रिटनमध्ये हँडली पेज ओ/१०० या मोठ्या बाँबफेकी विमानाची शेपटी उडताना भयंकर थरथरायला लागली. कारण शोधायला फ्रेडरिक लँचेस्टर या इंजिनिअरला बोलावलं. इंजिनचा हादरा वगैरे सगळं तपासून झाल्यावर दोष निघाला जोडणीत. डावा आणि उजवा एलेव्हेटर एकमेकांना नीट जोडलेले नव्हते. दोघांच्या लांबलचक तारा वेगवेगळ्या, आणि लांब तार म्हटली की थोडी ताणणारच. त्यामुळे एक वर तर दुसरा खाली असे ते हलू शकत होते, आणि वारा त्यांना तसं हलवत शेपटी पिळवटून काढत होता. उपाय काय? दोन्ही एलेव्हेटरना जोडणारी एक मजबूत नळी. एवढंच.

एक वर्षही जेमतेम गेलं असेल. डी.एच. ९ नावाच्या दुसऱ्या विमानाला हाच आजार झाला. त्यात वैमानिक मेले. उपायही तोच निघाला, दोन्ही एलेव्हेटर एकमेकांना जोडणे.

हे वाचताना मला रात्री अकराला उठून माझ्या विमानाचे दोन एलेव्हेटर बघावेसे वाटले. जोडलेले होते. (हुश्श!) पण मी ते जोडले ते इतरांच्या विमानात तसं बघितलं म्हणून. त्या जोडकाडीमागे माणसं गेलीयत हे मला माहीत नव्हतं.

*

आता मॉडेल विमानांकडे येतो. १९३७ मध्ये अमेरिकेत ऑरेगॉन राज्यात ओबा सेंट क्लेअर याने दोऱ्यांवर बांधलेलं मॉडेल आपल्याभोवती गोल उडवलं. त्याच राज्यातल्या पोर्टलंडच्या जिम वॉकरने पुढे ही कल्पना सुटसुटीत करून, पेटंट घेऊन, बाजारात आणली आणि लाखो पोरांना वेड लावलं. हातात एक मूठ, तिथून दोन बारीक तारा साधारण ५० ते ७० फूट लांब, विमानात एक त्रिकोणी पत्रा, म्हणजे बेलक्रँक, आणि त्या पत्र्यापासून एलेव्हेटरपर्यंत एक पुशरॉड. मनगट कलवलं की विमान वर-खाली. वॉकरने नंतर लिरॉय कॉक्स या उत्पादकावर पेटंटचा दावा लावला, आणि १९५५ च्या त्या खटल्यात सेंट क्लेअरचं आधीचं उड्डाण पुढे आल्यावर पेटंटच रद्द झालं. दावा लावला नसता तर पेटंट राहिलं असतं बिचाऱ्याचं. असो.

आमचे काका एन.सी.सी.त उडवायचे ते हेच, कंट्रोल लाइन. ते सांगतात की तारा ताणलेल्या असतील तोवर विमान तुमच्या मुठीत धडधडत असतं. तारा सैल पडल्या की मुठीला पहिलं कळतं, डोळ्यांना नंतर. म्हणजे पतंगबाजीच. मांजा ढिला पडल्यावर पतंगाकडे बघावं लागत नाही.

पण त्याच १९३७ साली अमेरिकेतच, मिशिगनमधल्या कॅलमाझू गावात, वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी रेडिओवर चालणारं मॉडेल उडवलं. विमान वॉल्टरचं, रेडिओ विल्यमचा. त्या विमानाचं नाव गफ; ते आज स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. इथे पहिल्यांदा माणूस आणि विमान यांच्यातली तार तुटली. विमान कुठेही जायला मोकळं झालं, आणि त्याच क्षणी हाताला काही कळणं बंद झालं. या दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

पुढची बरीच वर्षं रेडिओवाल्या विमानांत एस्केपमेंट नावाची चीज असायची. एक पिळलेलं रबर, ते अडवून धरणारा एक खटका, आणि खटका सोडणारं विद्युतचुंबक. बटण दाबलं की खटका सुटायचा आणि रडर उजवीकडे. सोडलं की मध्ये. पुन्हा दाबलं की डावीकडे. आधी कुठली बाजू झाली हे लक्षात ठेवायची जबाबदारी तुमची! रबराची ताकद ती किती? जोडणी कुठे किंचित जरी घासली तरी सगळं ठप्प. त्यामुळे त्या पिढीला जोडणी लोण्यासारखी हलकी करायची सवय लागली. पुशरॉड म्हणजे बाल्साची चौकोनी काठी, दोन्ही टोकांना वाकवलेली तार, दोऱ्याने गुंडाळून गोंद लावलेली. अख्खी लांबी तारेची ठेवायची नाही, कारण तार वाकते. हे त्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं.

साठच्या दशकात डिजिटल प्रपोर्शनल रेडिओ आला. डग स्प्रेंग आणि डॉन मॅथर्स यांचा डिजिकॉन हा त्यातला सुरुवातीचा. स्टिक जितकी हलवाल तितकीच फळी हलणार. पद्धत आजही मुळात तीच आहे: सर्व्होला दर २० मिलिसेकंदांनी एक विजेचा ठोका जातो. ठोका १.५ मिलिसेकंद लांब असेल तर हात मध्यावर, १ असेल तर एका टोकाला, २ असेल तर दुसऱ्या. सर्व्होच्या आत एक पोटेन्शिओमीटर असतो, तो सांगत राहतो की हात आत्ता कुठे आहे. हवं तिथे पोचेपर्यंत मोटर फिरते, मग थांबते.

आता जरा थांबा आणि बघा. पोटेन्शिओमीटर कुणाची जागा मोजतो? सर्व्होच्या हाताची. एलेव्हेटरची नाही.

म्हणजे सर्व्हो प्रामाणिकपणे "काम झालं" म्हणतो ते स्वतःपुरतं. त्यापुढच्या हातभर काडीचं काय झालं याची त्याला गंधवार्ता नसते. आपण ऑफिसात हे रोज बघतो ना? सर्व्हिस दोनशेचा कोड परत करते, डॅशबोर्ड हिरवागार, आणि ग्राहक फोनवर ओरडतोय की पैसे मिळाले नाहीत. संदेश पोचला आणि काम झालं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधली काडी कोणी तपासत नाही, कारण ती कोणाच्याच मॉड्यूलमध्ये येत नाही.

*

आता माझ्या काडीचा हिशोब देतो, लाज वाटत असली तरी.

उभ्या सडपातळ काडीला दोन्ही टोकांनी दाबलं तर ती किती वजनाला वाकेल याचं गणित लेओनहार्ड ऑयलरने १७४४ मध्ये मांडलं. तेव्हा वॉटचं वाफेचं इंजिनही यायचं होतं. गणिताचं सार असं: काडीची मोकळी लांबी दुप्पट केली तर तिची ताकद चौथाई होते. माझी पोलादी तार १.५ मिलिमीटर जाड, ५० सेंटिमीटर लांब, मध्ये कुठेही आधार नाही. आकडे घातले तर ती साधारण २०० ग्रॅमला वाकते. माझा सर्व्हो एक सेंटिमीटरच्या हातावर सुमारे १६०० ग्रॅमने ढकलू शकतो. म्हणजे आठ माणसांचं काम करणारा पैलवान आणून त्याच्या हातात ओली शेवयी दिली!

जमिनीवर एलेव्हेटरवर वारा नसतो, त्यामुळे तपासणीत सगळं झकास हलायचं. सावकाश केलेल्या पाच उड्डाणांतही भागलं. झेपावताना वेग वाढला, आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. जेव्हा एलेव्हेटर सगळ्यात जास्त हवा होता, नेमका तेव्हाच तो मिळाला नाही.

उपाय अगदी स्वस्त आहेत. मध्यावर एक आधार दिला की तीच तार ८०० ग्रॅम पेलते. समान अंतरावर तीन आधार दिले की तीन किलोच्या वर. आधार म्हणजे काय, तर रिकाम्या बॉलपेनच्या रिफिलचे तुकडे, तार आतून सरकेल असे आडव्या पट्ट्यांना चिकटवलेले. किंवा तारेऐवजी पतंगाची असते तशी बांबूची कामटी घ्या आणि फक्त टोकांना तार बांधा. त्या जुन्या बाल्साच्या काठीचंच हे भावंडं.

दुसरं म्हणजे हॉर्न कुठल्या बाजूला लावायचा. माझा एलेव्हेटरच्या खालच्या बाजूला होता. त्यामुळे नाक वर करायला काडी ढकलावी लागायची. हॉर्न वरच्या बाजूला लावला की त्याच कामासाठी काडी ओढली जाते, आणि राइट बंधूंपासून आपल्याला माहितीये की ओढलेली तार वाकत नाही. जीव वाचवणारी आज्ञा ओढण्यातून मिळावी, ढकलण्यातून नाही. सर्व्हो उलट फिरवायला ट्रान्समीटरवर एक बटण असतंच.

तिसरं, ढिलेपणा. हॉर्नच्या भोकात तार अर्धा मिलिमीटर खेळत असेल आणि भोक बिजागरीपासून १० मिलिमीटरवर असेल तर एलेव्हेटर जवळजवळ तीन अंश मोकळा डुलतो. भोक २० मिलिमीटरवर घेतलं तर दीड अंशच. ओ/१०० ची गोष्ट आठवली की हा दीड अंश फार महत्त्वाचा वाटायला लागतो.

आणि एक आपल्याकडच्या उन्हासाठी. नायलॉनच्या नळीतून नायलॉनचाच पुशरॉड सरकवायची पद्धत आहे. सोपी आहे, पण ६० सेंटिमीटर नायलॉन सकाळच्या थंडीतून दुपारच्या उन्हात, म्हणजे वीसेक अंशांच्या फरकात, मिलिमीटरभर लांब होतो. सकाळी सरळ जाणारं विमान दुपारी नाक वर किंवा खाली करायला लागतं, आणि आपण म्हणतो वाऱ्याने केलं.

*

काल रात्री नवा पुशरॉड बसवून झाला. कामटीचा, तीन आधारांचा, हॉर्न वर. मग एलेव्हेटरवर अंगठा दाबून धरला आणि स्टिक ओढली. यावेळी काडी वाकली नाही. एलेव्हेटरने अंगठा वर ढकलला. खरं सांगतो, त्या विमानाने मला पहिल्यांदाच काहीतरी परत सांगितलं असं वाटलं. रेडिओने काढून घेतलेली ती हाताची जाणीव निदान जमिनीवर तरी अशी परत मिळवता येते, आणि खर्च शून्य.

आज सकाळी मित्राला फोन केला. म्हटलं, "अरे, त्या दिवशी सिग्नल नव्हता गेला. चूक माझी होती. मी दांडी नीट बसवली नव्हती, आणि पोरगी जिथे उभी होती तिथे तिला उभंच करायला नको होतं." तो क्षणभर गप्प बसला. मग म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. ती परत कधी जायचं म्हणून मागे लागलीये."

पुढच्या रविवारी ती येईल. यावेळी माझ्या मागे, काकांच्या शेजारी उभी राहील. आणि उड्डाणाआधी एलेव्हेटरला अंगठा लावून बघायचं काम तिचं.